वाघोलीतली अर्धी बशी

सदाशिव पेठेतला माणूस वाघोलीला जातो, म्हणजे परगावीच जातो. मीही पाण्याची बाटली घेऊन निघालो. दीड तास बसमध्ये उभा राहिलो आणि उतरलो, तर समोर नुसते टॉवर. ‘जुनं चहाचं हॉटेल कुठे आहे?’ म्हणून विचारलं, तर दोघांनी मोबाइलमध्ये शोधलं. भाजीवाल्या बाईंनी मात्र मान न वळवता गावठाणाची (जुन्या वस्तीची) गल्ली दाखवली.

हॉटेल म्हणजे कौलारू पडवी, धुराने काळं पडलेलं आढं आणि बसून बसून गुळगुळीत झालेली दोन सागवानी बाकं. या बाकांवर किती पिढ्या बसून गेल्या असतील, या विचाराने मी थक्क झालो. सत्तरीच्या मालकीणबाई, हौसाबाई, चहा उकळत होत्या.

डॉक्टरांनी मला अर्धाच कप सांगितलाय. म्हणून उरलेला अर्धा बशीत ओतून समोर बसलेल्या म्हाताऱ्यापुढे सरकवला. बाकांवरची बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“पावनं,” म्हातारा म्हणाला, “आपलं भांडान कधी झालं?”

हशा पिकला. मग हौसाबाईंनी इथली रीत सांगितली. ज्याला भांडण मिटवायचंय त्याने अर्धा चहा बशीत ओतून दुसऱ्याला द्यायचा. तो प्यायला, की विषय संपला. “कोर्टात गेल्याली मान्सं हितं मिटवून गेली,” त्या म्हणाल्या. एवढ्याशा बशीचा एवढा अधिकार! मला खरोखर भरून आलं.

“आता हॉटेल राहणार ना?” मी विचारलं.

“ह्यांनाच इचारा.”

म्हातारा त्यांचा धाकटा दीर निघाला, गणपतराव. जागा दोघांची, आणि गणपतरावांना ती बिल्डरला द्यायची होती. दोन वर्षं बोलणं बंद. चहाला मात्र रोज हजर.

हौसाबाई माझ्या बशीकडे बघत राहिल्या. मग एक कप भरून घेतला आणि दिरासमोर बाकावर येऊन बसल्या. अर्धा बशीत ओतून बशी गणपतरावांपुढे सरकवली.

“भावजी, मागची जागा तुमी घ्या. म्होरलं हॉटेल तेवढं ऱ्हाऊ द्या.”

गणपतरावांनी बशी धरली, पण उचलली नाही.

“निवू द्या, वैनी,” ते म्हणाले.

घरच्यांच्या मध्ये परक्याने बसू नये, म्हणून मी उठलो.

घरी आल्यावर बशीत चहा ओतला आणि घड्याळ समोर ठेवून बसलो.

“अहो, पिणार आहात की नुसतं बघणार?” बायको म्हणाली.

बशीतला चहा निवायला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. उभ्या जन्मात एकदा सभ्यपणाने उठून आलो, तो नेमका तिथून. आणि मी बसथांब्यावर पोचायच्या आतच त्या हॉटेलचं काय ते ठरून गेलं असणार.