बारा ते चार घरात थांबा

नवरा उन्हानं कसा मेला, ते मी एका थंडगार हॉलमध्ये माइकवर सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. वर हातही जोडले. हौस बघा बाईची. त्या दिवसासाठी केस काळे केलेले, लेकीच्या लग्नातली जांभळी साडी नेसलेली. बडोद्याची उन्हाळ्याची योजना गरीब वस्त्यांना विचारून ठरणार होती, आणि विचारणार होते मला. जणू गादीवरच बसवणार होते.

दारातच संस्थेच्या मॅडमनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. आपल्यातल्याच, मराठी. "मावशी, एवढं नटून कशाला आलात? घरच्या साडीत यायचं ना."

मी पदर डोक्यावर ओढून केसांचा रंग झाकला. हो, झाकला. आज पदर ओढणाऱ्या त्या बाईला, म्हणजे मलाच, दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

तर सांगितलं. आमचे हे मकरपुऱ्याच्या कारखान्यात ट्रकमधून लोखंड उतरवायचे. भर दुपारी चक्कर आली, कंत्राटदारानं घरी पाठवून दिलं. घर पत्र्याचं. भट्टीतून भट्टीत आले. दिवे लागायच्या आत गेले. पुढच्या रांगेतल्या एकीनं डोळे पुसले, तर मला बरं वाटलं.

मग पडद्यावर योजना आली. बारा ते चार घरात थांबा.

मी परत माइक घेतला. म्हटलं, घरातच तर मेले ते. आता मुलगा त्याच जागी लोखंड उतरवतो. दुपारी थांबला तर दिवसाचा रोज कापतात. दुपारचं काम बंद करा आणि रोज पूर्ण द्या, एवढं लिहा त्यात.

मॅडमनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. हसतच. "मावशी, तुम्ही अनुभव सांगा. उपाय आम्ही बघतो."

पाहुण्यांचं जेवण आत होतं. आम्हा वस्तीवाल्यांना पाकिटं जिन्यात वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमचाच फोन. "मावशी, मागच्यासारखंच सांगा. लोक अगदी हलले होते."

मी म्हटलं, "माझा नवरा एकदा मेला. तुमच्यासाठी दर साल मरणार नाही. पोराच्या रोजाचं लिहिणार असाल तर येते."

"मग आम्ही दुसरं कुणीतरी बघतो."

बघा म्हटलं, आणि फोन ठेवला.

मुलगा नुकताच कामावरून आलेला. पाठीवर ओला पंचा टाकून भिंतीशी बसून ऐकत होता. मग म्हणाला, "आई, उद्या बाराला आम्ही सगळे काम थांबवतो. काढून टाकलं तर टाकू दे. तू डबा आणू नकोस, वस्तीतल्या बायांना घेऊन कारखान्याच्या गेटवर ये."