महताबवाले अप्पा

"वारा कुणीकडला हाय?" भेटल्याबरोबर अप्पा हेच विचारायचे. मग चिमूटभर माती हवेत सोडून ती कुठे जाते ते बघत राहायचे. नमस्कार त्यानंतर.

आमच्या गावात लग्ना-जत्रांचं शोभेचं दारूकाम तेच करत. त्यांची महताब प्रसिद्ध होती. हातभर लांब कागदी नळी. पेटवली की लाल नाहीतर हिरवा झगझगीत उजेड. मी शाळेत मास्तर होतो आणि फुटबॉलच्या कमिटीतही होतो. पार जनवाड्याहून लोक सामने बघायला येत. गोल झाला की तरुण मंडळी महताबी पेटवायची.

अप्पाही यायचे, पण मैदानाकडे पाठ करून बसायचे. ते लोकांचे चेहरे बघत. सामना सोडून भलतंच बघणारा असा एखादा तुम्हालाही भेटला असेल. "गुरुजी, हिरव्या उजेडात समदे आजारी दिसतात. लाल लावली की तेच लोक तरतरीत. कामून हो?"

एका वर्षी अंतिम सामन्यात गोल झाला, महताबी पेटल्या आणि वारा फिरला. सगळा धूर दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टवर लोटला. तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. तिथला गोलकीपर गवंडीकाम करणारा गडी. चेंडू अडवायला धावला आणि खांबावर आदळला. खांद्याचं हाड मोडलं.

अप्पा रोज त्याच्या घरी जाऊ लागले. एकदा मीही गेलो.

"धुरात तुला काय दिसलं रे?" अप्पांनी विचारलं.

"काईच न्हाई अप्पा. निस्तं तांबडं."

अप्पा उठून त्याच्या घरचं पाणी भरू लागले. तो बरा होईपर्यंत त्यांनी ते भरलं.

पुढच्या वर्षी महताबींना परवानगी द्यायची का, यावर कमिटीची बैठक झाली, अप्पांनाही बोलावलं होतं. तरुण मंडळी चिडली होती. "महताबीबिगर मॅचला काय मजा हाय? आमी जपून धरताव. आन् अप्पा, तुमीच तर इकता."

अप्पांनी पाण्याची बादली मागवली. एक महताब पेटवून सरळ पाण्यात बुडवली. ती आतही जळत राहिली, लाल, बुडबुडे सोडत. आम्ही सगळे बादलीवर वाकलो.

"व्हय, मीच करतो, मीच इकतो," अप्पा म्हणाले. "पर एकदा पेटली की मलाबी इझवता येत न्हाई. गर्दीत हातातून पडली तर कोण इझवणार?"

मग बादली बाजूला सारत म्हणाले, "उजेड बंद करू नका. कप देऊन झाला की मैदानामागल्या तळ्याच्या बांधावर मी एकटा पेटवतो. लोकांनी बसून बघावं."

तसंच ठरलं. तो गवंडी पुन्हा गोलमध्ये उभा राहिला, तेव्हा अप्पा पहिल्यांदा मैदानाकडे तोंड करून बसले. "गुरुजी, उडी कवा मारायची ते ह्याला कसं कळतं?"

कित्येक वर्षं असं चाललं. मग एका उन्हाळ्यात अप्पा गेले. त्या वर्षीही सामने झाले. कप दिला, मी माईकवरून सगळ्यांचे आभार मानले, कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. लोक उठेनात. सगळ्यांची तोंडं बांधाकडे. बांधावरून म्हशी घराकडे निघाल्या होत्या. त्या दिसेनाशा झाल्या, सूर्य टेकला, आणि मग कुणीतरी धोतर झटकत उठलं.