डिस्कसची पिल्लं जगली गो बायांनो!

सगळ्यात आधी टपकली ती माझी धाकटी जाऊ, मुरबाडहून जीपनं. दारातूनच म्हणते, "वैनी, अंडी परत पांढरी पडली ना?"

आमची सून डिस्कस मासे पाळते. दरवेळी अंडी फुकट जायची. आता नाय जमलं तर टाकी विकणार होती पोर.

मीच म्हटलं, ज्या बोअरच्या पाण्यात आपली डाळ शिजत नाय, त्यात अंडी काय जगतील? मग पावसाचं साठवलेलं पाणी भरलं, बदामाची सुकी पानं टाकली, पाणी कोमट ठेवलं.

जावेला टाकीपुढं उभी केली. पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटून अंगावरचा चिकटा खात होती.

"अगो बाय, ही तर अंगावर पितायत!" ओरडून तिनं आळी गोळा केली.

शुक्रवारी सगळ्या बारशाला येणारेत.