बाबांचं भरतीचं गणित आणि विजेची गाडी

वसईला जाऊन मास्तरणीचं शिकायचं, असं मी म्हटलं तेव्हा बाबांनी नाही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही. त्यांनी अट घातली. "जा. पन दिवेलागनीच्या आत घरात पायजे. आठ दिस बगतो. एक दिस जरी अंधार झाला, तर वह्या ठेवायच्या नि आयसबरोबर बोंबील सुकवायला बसायचं."

आम्ही घिवलीचे, दर्यावर जगणारे. बोईसर स्टेशन आमच्यापासून तीन कोस. घिवली ते बोईसर यष्टी, बोईसर ते वसई आगगाडी, आणि संध्याकाळी तसंच उलटं. बोईसरहून परतीची शेवटची यष्टी पावणेसहाला सुटायची. ती चुकली की चालत या, म्हणजे अंधार आलाच. माझं सगळं शिक्षण त्या एका यष्टीवर टांगलेलं होतं.

कोळशाच्या इंजिनाचे दिवस असते तर मी विचारसुद्धा केला नसता. ती पॅसेंजर आज पाचला यायची, उद्या सहाला, परवा तिच्या मनाला येईल तेव्हा. वाटेत थांबून घटाघटा पाणी प्यायची. आई पालघरच्या बाजारातून परतली की पदर काळा, डोळ्यात कण, आणि तोंडात इंजिनाला शिव्या. पण माझी मॅट्रिक होईपर्यंत रुळांवर तारा आल्या होत्या आणि पॅसेंजरला विजेचं इंजिन लागलं होतं. काय देखणं इंजिन ते! ना धूर, ना खोकणं. उमरोळी सोडल्यासोडल्या असं पळायला लागायचं की खिडकीतली शेतं नीट दिसायची नाहीत. मी तर पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाबांचा मात्र काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारण होतं, आणि ते आमच्याच लोकांना सुचावं असं होतं. भरती रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तास, उशिरा येते. आज दुपारी बाराला असेल तर उद्या पाऊण वाजता. बाबांनी जन्मभर घड्याळ वापरलं नाही; तिथी सांगा, ते पाण्याची वेळ सांगत. वर्षातून चारदा ते बोईसरला जात, आणि जुनी पॅसेंजर दोन दिवस लागोपाठ पाऊण-पाऊण तास पुढे सरकलेली त्यांनी पाहिली होती. झालं! गाडीलाही तिथी असते, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. "रोज येनारी वस्तू रोज सरकतेच," असं ते ठामपणे सांगत. मी हसले की म्हणत, "पुस्तकात सगलं नसतं, बाय."

पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून बाबा मोकळे. पहिल्या दिवशी ते मला घ्यायला बोईसरला आले. साडेपाचला गाडी आली, अगदी ठोक्याला. मी ऐटीत उतरले. बाबा म्हणाले, "आज आली. उद्याचं उद्या बगू."

दुसऱ्या दिवशीही गाडी साडेपाचलाच आली. बाबा दिसले नाहीत. मी फलाटाच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन पाहिलं. बाहेर यष्टीने इंजिन चालू केलं होतं. थांबावं तर अट मोडते, जावं तर बाप मागे राहतो. शेवटी वाटलं, आले नसतील, घरी असतील; आणि धावत यष्टी पकडली. वाटेत समोरून एक यष्टी गेली, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

घरी पोचले तर उजेड होता. आईने दारातच विचारलं, "बापूस कुठं हाय?"

बाबा दोन घटकांचा हिशेब करून उशिराच्या यष्टीने बोईसरला गेले होते. गाडी उशिरा येणार, पोरीची यष्टी चुकणार, मग तिला अंधारात चालवत आणायला कोणी पाहिजे, म्हणून हातात कंदील घेऊन. आईने कपाळावर हात मारला. मी ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले.

शेजारपाजारची जेवणं उरकत आली तेव्हा ते आले. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. मला बघितलं, कंदील खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. "हमाल बोलला, गाडी कवाच गेली. मला वाटलं, यष्टी चुकली, पोरगी एकलीच चालत निघाली," ते म्हणाले. "वाटभर हाका मारत आलो. खाडीच्या पुलावरनं खाली पन बगितलं." मग ते तोंडावर पंचा धरून रडले. मी पण रडले. आई म्हणाली, "पोरगी उजेडात घरी, नि बापूस अंधारात! आता तुमीच बसा बोंबील सुकवायला." रडता रडता आम्ही हसलो.

मी पुढे तीस वर्षं बोईसरच्या पूर्वेकडच्या पाड्यावर शिकवलं. दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप वीटभट्टीवर, बांधकामावर जायचे आणि पोरं त्यांच्याबरोबर. त्यांना सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आलं असतं, तर ती पोरं चौथी तरी पास झाली असती! म्हणून कुणी म्हणालं ना, की एवढ्या वेगाच्या गाड्या हव्यात कुणाला, श्रीमंतांचे चोचले, तर माझं डोकं फिरतं. अहो, श्रीमंताला काय, तो हॉटेलात राहील. संध्याकाळी घरी पोचायची घाई गरिबालाच असते. या तारा देशभर जाऊ देत, डोंगराच्या पायथ्याशी जाऊ देत, आणि गाड्या वाऱ्यासारख्या पळू देत. मी तर म्हणेन, आधी तिथेच जाऊ देत.

त्या रात्री बाबा आठ दिवसांबद्दल काही बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरलेत, आता घरीच बसवणार. सकाळी ते माझ्याआधी तयार. बोईसरला उतरल्यावर सरळ तिकिटाच्या खिडकीशी गेले. तोवर मी रोजचं तिकीट काढत होते.

"पोरीचा पास पायजे, वसईचा," बाबा म्हणाले.

"किती दिवसांचा?"

"दोन वरसांचा."

कारकून हसला. म्हणाला, "काका, तीन महिन्यांच्या वर पास निघत नाही."

बाबा जागचे हलले नाहीत. मागे रांग खोळंबली होती. "अवो, तिचं शिक्षान दोन वरसांचं हाय," ते त्याला समजावून सांगू लागले. "मधे कुनी थांबवनार नाय तिला. तुमी लिवा दोन वरसं."