वेंडल सालमीच्या शर्टाचं शेपूट

कॅम्पातल्या शिकाऱ्यांपैकी एकट्या वेंडल सालमीच्या शर्टाला शेपूट शिल्लक होतं. बाकीच्यांची शेपटं भिंतीवर होती.

रीत जुनी. हरणावर झाडलेली गोळी चुकली, किंवा समोर आलेलं हरीण हातचं गेलं, की जेवणाआधी त्या माणसाला टेबलाशी उभं करायचं. शर्टाचा जो मागचा भाग पँटमध्ये खोचतात, तो कात्रीने कापायचा आणि खिळ्याने भिंतीला ठोकायचा. खाली नाव, साल आणि कारण. शर्ट नवा असो, बायकोने ख्रिसमसला दिलेला असो, सुटका नाही. वेंडलचा जुना सोबती ओर्विल, त्याची एकट्याची इतकी कापडं तिथे लटकत होती की एखादी गोधडी सहज झाली असती. कात्री वेंडलच्या ताब्यात असायची. तसा काही नियम नव्हता, पण ज्याने स्वतः कधी कापून घेतलेलं नाही त्यानेच दुसऱ्याचं कापावं हे सगळ्यांना पटत होतं, आणि तसा माणूस एकच उरला होता.

वेंडल जन्मभर काउंटीचा, रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवत आला. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला बर्फ पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येऊन राहतो. तुम्ही सकाळभर खपून दारापुढची वाट मोकळी करावी आणि वेंडलने रस्ता साफ करता करता सगळा ढीग परत तिच्या तोंडाशी लोटून जावं, असं त्याचं गावाशी नातं होतं. पण आयुष्यात एकाही घराची रस्त्याकडेची पत्रपेटी आपण उडवली नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. कसं जमलं, असं विचारलं तर म्हणायचा, "बघतो मी. बाकीचे बघत नाहीत."

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शाळा बंद असतात, कारण मास्तरही मचाणावर असतात. वेंडल पहाटे आपल्या टेकडीवरच्या मचाणात जाऊन बसायचा आणि अंधार पडेपर्यंत बघायचा. लाकडी फळ्यांची पेटी, तीन बाजूंना खिडक्या, खाली शिडी. लघवीची बाटलीसुद्धा तो हरणांच्या ये-जा करण्याच्या वेळा सोडून वापरायचा, असं ओर्विल सांगे. खरं-खोटं ओर्विल जाणे.

मग जावई आला. ट्रेंट चांगला मुलगा होता, वेंडलची मुलगी जोडी त्याच्यासोबत सुखात होती, आणि या दोन्ही गोष्टी वेंडलला मान्य होत्या. पण ट्रेंटने कॅम्पात कॅमेरे आणले. झाडाला बांधायचे, समोरून अंगात ऊब असलेलं काहीही गेलं की फोटो काढतात आणि थेट फोनवर पाठवतात. सगळे मोठ्या कौतुकाने फोनभोवती गोळा झाले तेव्हा वेंडल स्टोव्हपाशी बसून होता.

"हरणाने अर्ज करायचा आणि आपण मंजूर करायचा," तो म्हणाला. "याला शिकार म्हणत नाहीत. याला कचेरी म्हणतात."

त्याच हंगामात ट्रेंट मचाणावर फुटबॉलची मॅच बघत बसला आणि त्याच्या नाकासमोरून एक हरणी पिल्लाला घेऊन रमतगमत निघून गेली. वेंडलने तिथल्या तिथे नियम काढला की मचाणावर फोनात डोकं घालून बसणं म्हणजे गोळी चुकणंच. ट्रेंटचं शेपूट कापलं गेलं. खाली कारण लिहिलं, 'फोनात होता.' ट्रेंट हसला. वाट बघायची तयारी असलेला माणूस होता तो, म्हणजे शिकारी म्हणून अगदीच वाया गेलेला नव्हता.

या वसंतात वेंडलच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट बसले, मीठ बंद झालं, आणि नोव्हेंबर जवळ आला तशी त्याची बायको अर्लीन म्हणाली की फोन घेऊन जाणार असशील तर जा, नाहीतर घरी बस.

"फोन कशाला?"

"मेलास तर कळायला नको?"

"ओर्विल सांगेल की."

"ओर्विलच्या लक्षात यायला आठवडा जाईल."

फोन घेतला गेला. दर तासाला निरोप पाठवायचा असं ठरलं, पण बर्फाच्या ट्रकचे दांडे ओढून जाड झालेल्या त्याच्या बोटांनी एक अक्षर दाबावं आणि तीन उमटावीत. 'जिवंत आहे' एवढं लिहायला त्याला इतका वेळ लागे की तोवर ते खरं राहील याची खात्री नव्हती. शेवटी अर्लीननेच उपाय काढला. फोनवर पत्ते खेळता येत होते. क्रिबेज. तिने एक पान टाकायचं, त्याने एक टाकायचं. पान पडलं म्हणजे माणूस आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यांत ते दोघं रोज क्रिबेज खेळायचे. स्वयंपाकघराच्या टेबलावर भोकं पाडलेली ती लाकडी पाटी, त्यात गुण मोजायच्या काड्या, आणि बाहेर खिडकीच्या वरपर्यंत बर्फ. मग जोडी झाली, मग वेंडलला ट्रकच्या रात्रपाळ्या लागल्या, आणि पाटी फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसली. भांडण-बिंडण काही नव्हतं. बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं असावं, असा वेंडलचा समज होता.

फोनबद्दल त्याने कॅम्पात चकार शब्द काढला नाही. आवाज बंद करून तो आतल्या खिशात ठेवला. नेमकी रेंज धड कुठे येत होती तर त्याच्याच टेकडीवर. खाली कॅम्पात फोनवर रेंजची एखादी काडी दिसली तरी नशीब.

पहिल्या दिवशी त्याने शिस्त पाळली. चारी दिशा बघायच्या, मग पान टाकायचं, मग फोन खिशात. पण अर्लीन पानाबरोबर काहीबाही लिहू लागली. अंगणात सुतारपक्षी आलाय. बोट विकून टाकूया का, तू काही आता ती पाण्यात घालणार नाहीस. वेंडलने लिहिलं, नको. तिने लिहिलं, मग घाल पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लिहिलं, इतकी वर्षं तू तिथे जातोस, दिवसभर करतोस काय हे मला कधी कळलंच नाही.

'बघतो,' त्याने लिहिलं.

'काय?'

वेंडलने मान वर केली. हेमलॉकची झाडं, खाली दलदलीवर धुकं, बर्फावर सकाळच्याच खुणा. 'काही नाही. छान आहे. तू यायला हवं होतंस,' असं त्याने लिहिलं, आणि एवढं लांब लिहिताना एकही अक्षर चुकलं नाही म्हणून तो स्वतःवर खूश झाला. मग तिचं पान आलं. भारी पान होतं. गुण मोजायला त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

संध्याकाळी टेबलावर पास्ट्या होत्या, खिमा, बटाटा आणि सलगम भरलेल्या, वेंडलची बिनमिठाची. रिवाजाप्रमाणे एकेकाने आपला दिवस सांगायचा आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. एरवी तरीही कुणी ना कुणी घालतंच, आज कुणी घातलं नाही. ओर्विलने न मागता केचप पुढे सरकवलं. वेंडलला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

"माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. "दिवसभरात साधी खारसुद्धा नाही."

ट्रेंटने आपला फोन केचपच्या बाटलीला टेकवून त्याच्यासमोर उभा केला.

वेंडलच्या मचाणासमोरच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचा फोटो, अगदी स्वच्छ. मचाणाच्या खिडकीत वेंडलची नारिंगी टोपी, खाली झुकलेली. टोपीखाली त्याचा चेहरा फोनच्या उजेडात निळा, आणि चेहऱ्यावर हसू. शिडीच्या पायथ्याशी शिंगांना दहा फाटे असलेला नर, मान लांब करून त्याच्या जेवणाच्या पिशवीचा वास घेत होता. तसा नर त्या जंगलात कुणी पाहिला नव्हता, आणि वेंडलनेही नाही.

त्याला आधी त्या नराचा राग आला, मग ट्रेंटचा. मग कानाच्या पाळ्या तापल्या. टेबलाभोवतीच्या सगळ्यांची शेपटं त्याने स्वतःच्या हाताने कापली होती आणि कापताना प्रत्येकाला बघण्याबद्दल थोडं ऐकवलंही होतं.

ओर्विल हळूच म्हणाला, "छातीत कळबिळ आली होती का रे? म्हणून वाकला असशील तर गोष्ट वेगळी. दुखण्याला नियम लावत नाहीत."

"तसं असेल तर आम्ही मानू," ट्रेंटनेही मान डोलावली. "फोटो पुसून टाकतो."

ते मनापासून बोलत होते, हीच पंचाईत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. शेपूट राहिलं असतं, कात्री राहिली असती. वेंडलने पास्टी बाजूला सारली. कळ आली म्हणावं तर ट्रेंट जोडीला सांगणार, जोडी आईला, आणि पुढचा हंगाम गेला. पण खरं कारण ते नव्हतं. ती दुपार चांगली गेली होती, आणि तिला दुखणं म्हणायला त्याची जीभ वळेना.

"कळ नव्हती," तो म्हणाला. उठला, खिळ्यावरची कात्री काढली, ट्रेंटच्या हातात दिली आणि पाठ करून उभा राहिला.

ट्रेंटने कापड सरळ धरून कापलं. भिंतीला ठोकलं. नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि विचारलं, "कारण काय लिहू?"

"बायकोशी बोलत होता."

"कुणाच्या?" ओर्विलने विचारलं.

"माझ्या."

"हे कोण मानेल?"

"नका मानू. लिही."

जेवण झाल्यावर तो बाहेर गेला आणि लाकडांच्या ढिगावर चढून, एक काडी रेंज सापडली तिथून घरी फोन लावला. शेपूट गेलं, म्हणाला. मोठा नर होता, दहा फाट्यांचा, आणि मी पाहिला नाही.

"ठाऊक आहे," अर्लीन म्हणाली. "ट्रेंटने कॅमेऱ्यांचे फोटो माझ्याही फोनवर लावून दिलेत. तू बरा दिसतोस की नाही बघायला. हा फोटो दुपारीच आला."

वेंडल ढिगावर तोल सांभाळत उभा राहिला. "तेव्हाच? मी खेळत असताना?"

"तू पान टाकायच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

पलीकडे नळ चालू होता. तिने तो बंद केला.

"सांगितलं असतं तर तू फोन खाली ठेवला असतास."

वेंडल फोन कानाला धरून ढिगावरच खाली बसला.

"हसत होतास तू फोटोत," ती म्हणाली. "जा आता, थंडी आहे. आणि पुढचं पान तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मचाणात चढला. रायफल भरली. तीनही खिडक्यांतून नीट बघितलं, मग मागची फळी सरकवून मागेही बघितलं. कुठे काही नव्हतं. शर्ट मागून आखूड झाल्याने कमरेला गार वारा लागत होता. त्याने फोन काढला आणि पान टाकलं.