बिनटेकूचा खडू

शाफ्ट दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या हातात पहिला घास होता. दारात गॅरेजवाला खडू उभा, खांद्यावर तोच लोखंडी दांडा, आणि तोंड असं की जणू मीच त्याचं काहीतरी चोरलंय.

“वाकडा आहे,” तो म्हणाला.

“अरे, काल सरळ आहे म्हणून सांगितलं ना?”

“काल मागच्या टोकाला वाकडा होता. आज पुढच्या टोकाला आहे.”

मी घास ताटात ठेवला. तीस वर्षांच्या धंद्यात रातोरात जागा बदलणारा बाक मी पाहिला नव्हता, आणि तसं त्याला सांगितलंही, जरा मोठ्या आवाजात. बायकोने मध्ये पडून चहा टाकला. खडू म्हणाला, “अर्धाच द्या, वहिनी.” एरवी हा माणूस काठोकाठ कप घेतो आणि बशीत सांडलेलाही पिऊन टाकतो. मला वाटलं, रागावलाय. म्हटलं, रागव. मीही काही कमी रागावलो नव्हतो.

मी लेथवाला. माझ्यापासून चार गाळे सोडून त्याचं गॅरेज. गल्लीत त्याला खडू म्हणतात आणि मला खडूस. एका अक्षराचा फरक, पण त्यावर गल्लीने तीस वर्षं करमणूक करून घेतली आहे. त्याला ते नाव पडलं ते त्याच्या वरच्या खिशातल्या खडूमुळे. गोल फिरणारी कुठलीही वस्तू आली की तो ती दोन खाचांच्या ठोकळ्यांवर ठेवणार, डाव्या हाताने हळूहळू फिरवणार आणि उजव्या हातातला खडू तिला लागेल न लागेल असा धरणार. वस्तू सरळ असेल तर खडूची बारीक रेघ बांगडीसारखी पूर्ण उमटते. वाकडी असेल तर फुगीर बाजूलाच खडू लागतो, बाकी कोरं राहतं. या कामाला बाकीचे कारागीर मनगटाखाली लाकडाचा तुकडा घेतात. खडूला ते कमीपणाचं वाटे. “टेकू लागतो त्याने गॅरेज काढू नये,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझ्या लेथवर मापाची घड्याळासारखी डायल आहे, तिला तो कायम खेळणं म्हणायचा. आणि खिशातल्या त्या खडूला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा मी हिशेब मांडायला मागितला, तर म्हणाला, दुकानातून आण.

आताची गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. मागून घूं घूं असा आवाज येतो आणि वेग वाढवला की सीट थरथरते, अशी तक्रार. खडूने मागचा सगळा भाग उतरवला. मागच्या चाकांना फिरवणारे दाते झिजले होते, ते नवे बसवले, बेअरिंग बदलल्या, तेल गळत होतं ते बंद केलं. हे काम त्याने इतकं देखणं केलं होतं की मी मुद्दाम जाऊन पाहून आलो आणि नाव ठेवायला जागा सापडली नाही म्हणून चरफडत परत आलो. मग वळला शाफ्टकडे. गाडीच्या पोटाखालून जाणारा हा लांब पोकळ दांडा, इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा. काढण्याआधी त्याने शाफ्टवर आणि जोडावर समोरासमोर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, म्हणजे पुन्हा बसवताना जसाच्या तसा बसावा. रॉकेलने धुतला, गंज घासला. दोन टोकांचे क्रॉस, म्हणजे शाफ्टला वर-खाली वाकू देणारे सांधे, काढून पाहिले. त्यांच्यावर नख अडेल अशा चिरा होत्या. नवे आणले. बसवण्याआधी नळी सरळ आहे का ते बघू म्हणाला, आणि खिशातून खडू काढला.

तिथून सगळा घोळ सुरू झाला.

पहिल्यांदा शाफ्ट आला तेव्हा मी लेथवर चढवून डायल लावली. सुई चार-पाच घरं हलली. चाळीस घरं हलली असती तरी गाडीला कळलं नसतं. सरळ आहे, घेऊन जा, म्हटलं. दुसऱ्यांदाही तेच. पण या वेळी तो गेल्यावर माझ्या मनात किडा शिरला. खडूची खूण मी डोळ्यांनी पाहिली होती. पुढच्या टोकाला अर्धी रेघ, उरलेलं कोरं. आणि खडूची खूण आजवर कधी चुकलेली नाही, हे मी त्याच्या तोंडावर मरेपर्यंत कबूल करणार नाही, पण खरं आहे. मग माझीच डायल खोटी की काय? मी नवी कोरी सळई चढवून पाहिली. डायल बरोबर. मग लेथच वाकला असेल? तो तपासला. मग माझे डोळे? बायकोला बोलावून सुई वाचायला लावली.

“पाच,” ती म्हणाली.

“नीट बघ.”

“पाचच आहे. तुम्हाला किती हवंय?”

मला काय हवं होतं ते मलाच कळेना. शाफ्ट सरळ असेल तर तो चुकला, वाकडा असेल तर मी. दोघांपैकी एक जण आता कामातून गेला होता, आणि हे असलं ठरवायला पंच कुठून आणायचा? मी म्हटलेलं माप त्याने किंवा त्याने दाखवलेली खोट मी इतक्या वर्षांत कधी पुन्हा तपासली नव्हती. डोकं नुसतं भणभणलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बाही, मी दोनदा उलटा कापला.

तिसऱ्या दिवशी खडू शाफ्ट घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवला. मी पाहिलं. आता खुणा मधोमध होत्या, दोन, एकमेकींच्या विरुद्ध बाजूला. एकाच ठिकाणी दोन्हीकडे फुगलेला दांडा! माझा तोल सुटला. शाफ्ट उचलून खांद्यावर टाकला आणि त्याच्या पुढे चालत त्याच्या गॅरेजात गेलो. डॉक्टरीणबाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

“मार खडू,” मी म्हटलं. “माझ्यासमोर मार.”

त्याने ठोकळ्यांवर शाफ्ट ठेवला, जुन्या खुणा फडक्याने पुसल्या, डाव्या हाताने फिरवू लागला. मी वाकून नळीवर नजर रोवली. खूण उमटली, मागच्या बाजूला, तुटक. “बघ,” तो म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा. त्याने पुसलं, पुन्हा फिरवला. या वेळी खूण दुसरीकडेच. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, बाई दोघांकडे.

“तिसऱ्यांदा,” मी म्हटलं. आणि आता नळीकडे बघून बघून कंटाळा आला म्हणून असेल, मी त्याच्या हातातल्या खडूकडे पाहिलं.

खडू हलत होता. फार नाही. नळीजवळ जायचा, लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा. नळी आपली संथ फिरत होती.

मी आयुष्यात मापाच्या बाबतीत खोटं बोललेलो नाही, सासऱ्याशीसुद्धा नाही. त्या दिवशी बोललो.

“आहे खरा वाकडा,” मी म्हटलं. “माझीच डायल बिघडली असणार. उद्या देतो.”

त्याचा चेहरा असा सैल झाला की मला बघवेना. सरळ शाफ्ट खांद्यावर टाकून मी घरी आलो.

बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडत होती ती निवडतच राहिली. “चार महिने झाले,” ती म्हणाली. “अर्धा कप का घेतात मग ते? पूर्ण घेतला तर सांडतो. शर्टाची बटणं त्यांची बायको लावते सकाळी.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही लोखंड सोडून दुसरं काही बघता का?”

मी गाळ्यात जाऊन एक जाड चकती कापली, तिच्यात उभा दांडा बसवला आणि वर खडू पकडणारा चिमटा केला, स्क्रूने पुढे-मागे होणारा. काम तासाभराचं होतं. मला दुपार लागली, कारण सांगायचं कसं ते सुचत नव्हतं आणि मी कडा घासत बसलो.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट आणि ते स्टँड त्याच्या टेबलावर ठेवलं. खडूने स्टँड उलटसुलट करून पाहिलं. चिमट्यावरून बोट फिरवलं.

“शाफ्टला काय केलंस?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

“काल वाकडा होता म्हणालास.”

“म्हणालो.”

तो स्टुलावर बसला. “चहाला हात हलतो ते ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “पण खडू धरला की थांबतो असं वाटायचं.”

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी शाफ्ट उचलून ठोकळ्यांवर ठेवला. त्याने खिशातून खडू काढला, चिमट्यात घालायला गेला. एकदा खडू चिमट्याबाहेर गेला, दुसऱ्यांदा त्याचं टोक मोडलं. मग त्याने तो माझ्यापुढे धरला.

“तू बसव.”

मी बसवला. त्याने शाफ्ट फिरवला. रेघ उमटत गेली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन मिळाली, सगळीकडे सारखी. त्याने ती पुसली नाही.

“क्रॉस जागी धरणारे लॉक फार बारीक असतात,” तो म्हणाला. “तूच घाल. मग शाफ्टही चढवून टाकू, बाई संध्याकाळी येतील.”

तीस वर्षांत मी त्याच्या गाडीखाली कधी शिरलो नव्हतो, शिरूही दिलं नसतं त्याने. क्रॉस बसवून झाले तसा पाठीवर झोपून आत सरकलो. तो बाजूला उकिडवा बसून दिवा दाखवत होता आणि सांगत होता, आधी ठिपके समोरासमोर आण, मग बोल्ट घाल, आळीपाळीने आवळ. मला ठिपके सापडत नव्हते. उजेड एका जागी ठरत नव्हता.

“अरे, नीट धर की!” मी खेकसलो, रोज खेकसतो तसाच.

त्याने दिवा दोन्ही हातांनी धरला.