तोंडाने म्हणून दाखवा

माझ्या मावशीला गाणं येत नाही. आवाज फाटका, ताल कधी सुटला याचा पत्ता नाही. पण पार्लरमध्ये गिऱ्हाइकांचे केस रंगवताना त्या डोळ्यांत काजळ घालणाऱ्या गायकाचं गाणं लागलं की ती कंगव्याचा माईक करते, कंबर हलवते, आणि खुर्चीतली बाई कितीही आंबट तोंडाची असो, हसतेच. काका गेल्यावर मुकी झाली होती. याच गाण्यांनी तिला बोलतं केलं. मग तिने त्या गायकाच्या चाहत्यांचा ग्रुप काढला. भाजीवाल्या, नर्स, एक निवृत्त कंडक्टरसुद्धा.

कुणीतरी तिचा नाच फोनवर चोरून टिपला आणि नेटवर टाकला. खाली साचलेली घाण मी वाचलीय. गायकाला 'हिजडा', जणू कुणाचं तसं असणं हीच शिवी. मावशीला 'म्हातारी कुत्री'. 'नवऱ्याला खाल्लं, आता पोरांवर टपलीय.' 'फास लाव, लाइक देतो.' आणि पुढे हसून लोळणारी पिवळी तोंडं.

जो तो सांगतो, वाचू नका. वा रे वा! गटार त्यांनी फोडायचं आणि नाक आम्ही दाबायचं?

पार्लरची मालकीण मावशीला म्हणाली, "ग्रुप बंद कर, माफी लिही, नाहीतर शनिवारपासून येऊ नकोस. माझी गिऱ्हाइकं तुटतायत."

मावशी माफी लिहायला बसलीसुद्धा! मी फोन हिसकावला. "आधी व्हिडिओ बघ." तिने तो पूर्ण पाहिलाच नव्हता, स्वतःचंच अंग बघवेना. पाहिला आणि मध्येच थांबवला. चोरून टिपणारी शहाणी आरशांच्या खोलीत बसली होती! आरशात तोंड फोनमागे लपलेलं, पण डोक्याच्या एकाच बाजूला केस रंगवायच्या चंदेरी फॉइलच्या पट्ट्या. मावशीनेच लावलेल्या.

"ही तर माझी शुक्रवारवाली. हिच्या लेकीच्या लग्नात पहाटे जाऊन हिला नटवलं गं मी."

शुक्रवारी बाई आली. मी बाकावर बसून होते. अर्धं डोकं रंगवून झाल्यावर मावशीने फोन तिच्या हातात दिला.

"ताई, तुमचा व्हिडिओ. खालचं वाचा. मोठ्याने."

"अगं, मी गंमत म्हणून टाकला. लिहिलं लोकांनी."

"पहिली कमेंट तुमच्याच नावाने आहे. नवऱ्याला खाल्लं, असं. मी समोर उभी आहे. तोंडाने म्हणून दाखवा."

बाईने फोन डोळ्यांपासून लांब धरला. समोर आरसा, बाजूला आरसा, सगळीकडे मावशी.

"चष्मा नाही आणला," ती पुटपुटली.

"मी वाचते ना!" मी ओरडले. मावशीने हातानेच मला गप्प केलं.

रंग तसाच राहिला तर टाळू भाजते. मावशीने तिला बेसिनपाशी नेलं, कोमट पाण्याने स्वच्छ धुतलं, टॉवेल गुंडाळला. "उठा. उरलेलं डोकं दुसरीकडे रंगवा."

मग मालकिणीकडे वळली. "माफी लिहिणार नाही. शनिवारी येऊ का?"

"नको," मालकीण म्हणाली. एवढंच.

मावशीने आपल्या कात्र्या उचलल्या.

बाईने व्हिडिओ काढला, पण त्याच्या नकला अजून फिरतायत. मी एकेका नकलेवर तक्रार ठोकते. साइटवाल्यांकडून 'आमच्या नियमात बसतं' असं उत्तर येतं. पुन्हा ठोकते. मावशी आता घरीच केस कापते. काल खुर्चीत कंडक्टर होते. गाणं लागलं, कंगवा वर गेला, आणि दोघंही बेसूर गायले, खिडकी उघडी ठेवून.